शेपटीला लाल फीत

दोस्तांनो, आज आपल्याला घोड्यावर बसायचंय. पण थांबा, थांबा! रिकिबीत पाय घालायची घाई नको. आधी माझी एक फजिती ऐका.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. मे महिन्याच्या सुटीत आम्ही माथेरानला गेलो होतो. माथेरानला मोटारी गावात जात नाहीत, दस्तुरी नाक्यालाच थांबतात, हे तुम्हाला माहीत असेलच. नाक्यावर दहा-पंधरा घोडे ओळीनं उभे होते. त्यातला एक पांढराशुभ्र घोडा मला इतका आवडला, की आईचा हात सोडून मी सरळ त्याच्याकडे धावलो. मागून जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारणार, एवढ्यात कुणीतरी माझी कॉलर धरून मला मागे खेचलं. घोडेवाले काका होते ते.

"असं मागनं कधी यायचं नाय, बाळा," ते म्हणाले. "जनावर गरीब हाय. पण त्याला मागचं दिसत नाय. दचकला की लाथ सुटते."

चारचौघांत कॉलर धरली म्हणून मला भयंकर राग आला होता. दिवसभर मी गाल फुगवून बसलो. पुढे ती गोष्ट विसरूनही गेलो. ती परवा आठवली, कारण आपल्या एका वाचकाचं पत्र आलं. त्यानं विचारलंय, 'घोड्यांच्या शर्यतीत एखादा घोडा बिथरला, लाथा मारायला लागला, तर काय करतात? आणि एखाद्यानं लबाडी केली तर?'

प्रश्न झकास आहे! उत्तर शोधायला मी तुम्हाला रेसकोर्सवर मात्र नेणार नाही. तिथली शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते. आपण जाणार आहोत ती दौड सकाळी सुरू होते आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी पहाटे संपते. तिचं नाव एन्ड्युरन्स राइड. म्हणजे लांब पल्ल्याची घोडदौड.

एका दिवसात शंभर मैल

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथल्या ऑबर्न गावात वेंडेल रॉबी नावाचे एक गृहस्थ राहायचे. सिएरा नेवाडा पर्वतातून जाणारी जुनी पायवाट त्यांच्या ओळखीची होती. मोटारी आल्या, रस्ते झाले आणि लोक म्हणू लागले, 'एका दिवसात शंभर मैल जाणारे घोडे गेले आता!' रॉबींना ते काही पटेना. १९५५ साली ते काही मित्रांना घेऊन निघाले आणि टाहो सरोवराच्या भागातून डोंगर ओलांडून एका दिवसात ऑबर्नला पोचले.

शंभर मैल म्हणजे १६० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला रस्त्यानं जाताना जेवढं अंतर पडतं, त्याहून थोडं जास्तच! तेसुद्धा चढउतारांचं, दऱ्याखोऱ्यांचं. ही दौड पुढे 'टेव्हिस कप' या नावानं जगभर गाजली. शक्यतो पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरतात, कारण शेवटचे कितीतरी मैल रात्री कापायचे असतात.

आता यातली गंमत ऐका. इथे रोख बक्षीस नाही. २४ तासांच्या आत जो कुणी आपला घोडा धडधाकट घेऊन पोचेल, त्या प्रत्येकाला पट्ट्याला लावायचं चांदीचं बक्कल मिळतं. पहिला आलेल्यालाही तेच आणि शेवटून पहिला आलेल्यालाही तेच! पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची तब्येत सगळ्यांत उत्तम राहिली असेल, त्याच्यासाठी एक वेगळा चषक आहे. त्याचं नाव हॅगिन कप.

निघालेल्या घोडेस्वारांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोचतात. बाकीच्यांना वाटेत थांबावं लागतं. बहुतेकांना थांबवतात ते घोड्यांचे डॉक्टर.

१९७२ साली अमेरिकेतल्या अशा दौडींसाठी एक संघटना निघाली. तिचं ब्रीदवाक्य आपल्या भाषेत सांगायचं तर असं : 'पूर्ण करणं हेच जिंकणं.' ऐकायला किती सोपं, नाही? पण घोडं पेंड खातं ते इथेच. पूर्ण करायचं ते दोघांनी मिळून, आणि त्या दोघांपैकी एकाला बोलता येत नाही.

लाथ ही एक भाषा आहे

बोलता येत नाही म्हणजे घोडा काही सांगतच नाही, असं मात्र समजू नका. तो कानांनी सांगतो, शेपटीनं सांगतो. आपण ऐकलं नाही, तर शेवटी पायानं सांगतो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसतं. दिसत नाहीत त्या दोनच जागा. एक अगदी नाकासमोरची आणि दुसरी थेट शेपटीमागची. रानात वाघ-लांडगे झडप घालायचे ते मागूनच. म्हणून मागे अचानक काही हललं, की घोडा विचार करत बसत नाही. आधी लाथ, मग चौकशी! माथेरानचे काका सांगत होते ते हेच.

पण लाथ बसण्याआधी घोडा बहुधा सूचना देतो. कान मागे घेऊन डोक्याला चिकटवतो. शेपटी रागारागानं झटकतो. मागचा भाग तुमच्याकडे वळवतो. एक पाय किंचित उचलून धरतो. या खुणा ज्याला वाचता येतात, तो वेळेत बाजूला होतो.

आता डोळ्यांसमोर आणा. डोंगरातली अरुंद वाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पुढे एक घोडा, त्याच्यामागे तुमचा. तुमचा घोडा उतावळा होऊन पुढच्याच्या शेपटीला नाक लावतोय. पुढच्यानं लाथ झाडली तर लागेल कुणाला? तुमच्या घोड्याला लागेलच, पण रिकिबीत अडकवलेल्या तुमच्या पायाची नडगीही त्याच उंचीवर असते! म्हणून दोन घोड्यांमध्ये निदान एका घोड्याएवढं अंतर ठेवायचं, हा या खेळातला पहिला धडा. पुढे जायचं असेल तर वाट रुंद होईपर्यंत थांबायचं आणि 'डावीकडून येऊ का?' असं मोठ्यानं विचारायचं. 'हो' ऐकू आलं की मगच जायचं, तेही हळू.

ज्या घोड्याला लाथ मारायची खोडच आहे, त्याच्यासाठी एक छान रिवाज आहे. त्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात. मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं, 'सावधान!' काही ठिकाणी नवशिक्या घोड्याला हिरवी फीत बांधतात. त्याचा अर्थ, 'हा अजून शिकतोय, जरा सांभाळून घ्या.'

ही लाल फीत मला फार आवडते. का सांगू? ती बांधतो कोण? घोड्याचा मालकच! 'माझा घोडा लाथा मारतो बरं का,' हे तो शेकडो लोकांसमोर स्वतःहून कबूल करतो. सोपं नसतं हो ते! आपल्याला विचारा ना. प्रगतिपुस्तकातला लाल शेरा आपण कुठे कुठे लपवतो?

पण फीत बांधली म्हणजे काम संपलं, असंही नाही. 'लाल फीत होती, तुम्ही जवळ आलातच कशाला?' असं म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. असा घोडा गर्दीत घालायचा नाही. अरुंद वाटेवर मागून कुणी आलं, की जागा मिळताच आपण बाजूला व्हायचं आणि घोड्याचं तोंड वाटेकडे, पाठ झाडीकडे ठेवायची. त्याला सोसत नसेल तर घरी न्यायचं आणि आधी शिकवायचं. फीत मागच्याला सावध करते, पण जबाबदारी फीत बांधणाऱ्याचीच असते.

घोडा उधळला तर?

सगळ्यांत धोक्याची वेळ म्हणजे दौड सुटायची वेळ. घोडा हा कळपातला प्राणी. पुढचे दहा घोडे पळाले की अकराव्याला वाटतं, 'नक्कीच काहीतरी संकट आहे, पळा!' घरी शहाण्यासारखा चालणारा घोडा इथे फुरफुरतो, नाचतो, मागच्या दोन पायांवर उभा राहतो. म्हणून जाणते स्वार काय करतात? सगळा घोळका निघून जाईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबतात. १६० किलोमीटरच्या वाटेत दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. घोडा शांत झाला की मग ते निघतात.

घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, तर नवशिका स्वार घाबरून लगाम खेचतो. तिथेच चुकतं. लगाम खेचला तर घोडा तोल जाऊन स्वारासकट मागे कोसळू शकतो. अशा वेळी पुढे वाकून आयाळ धरायची आणि लगाम सैल सोडायचा. मोकळ्या मैदानावर घोडा उधळलाच, तर एका बाजूचा लगाम हळूहळू ओढून त्याला मोठ्या गोलात फिरवतात. गोल लहान लहान होत जातो, तसा वेग कमी होतो. अरुंद कड्यावर मात्र हे करता येत नाही. म्हणून तर उधळण्याआधीच त्याला ओळखायचं असतं. (आणि हो, हे सगळं शिक्षकांच्या नजरेखाली शिकायचं असतं. लेख वाचून करून बघायचं नाही!)

दुसऱ्याचा घोडा उधळला तर आपण काय करायचं? तुम्ही म्हणाल, 'सिनेमातल्यासारखं भरधाव जाऊन त्याचा लगाम पकडायचा!' अंहं. मागून टापा ऐकू आल्या की तो घोडा आणखी जोरात पळेल. आपला घोडा थांबवायचा आणि 'घोडा सुटलाय!' असं ओरडून पुढच्यांना सावध करायचं. आजूबाजूचे घोडे शांत उभे राहिले, की सुटलेला घोडाही बऱ्याचदा कळपाकडेच परत येतो. स्वार पडला असेल तर सगळ्यांनी थांबायचं. एकानं पडलेल्याजवळ राहायचं, एकानं पुढच्या तपासणी नाक्यावर निरोप द्यायचा. तिथे घड्याळाकडे बघायचं नसतं.

पाणवठ्यावरही असंच आहे. तुमच्या घोड्याचं पाणी पिऊन झालं, म्हणून लगेच टाच मारून निघायचं नाही. तुम्ही निघालात, की शेजारच्या घोड्याला वाटणार, 'अरे, मी मागे राहिलो!' तो अर्धवट पिऊन तुमच्या मागे धावणार. पुढे दहा-पंधरा किलोमीटर पाणी नसेल तर? म्हणून सगळ्यांचे घोडे पिऊन होईपर्यंत थांबायचं. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर खूप मीठ जातं. त्यामुळे कधी कधी त्याचं अंग कोरडं पडत आलेलं असतं, तरी त्याला तहान लागत नाही. अशा वेळी तो पितोय, हेच केवढं मोठं भाग्य!

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. एरवी शांत असणारा घोडा अचानक लाथ मारू लागला, चावू लागला, तर त्याला 'वाईट' म्हणण्याआधी त्याचं खोगीर काढून बघा. तंग काचला असेल, पाठ सोलवटली असेल, पोट दुखत असेल. घोड्याला उलटी करता येत नाही, हे ठाऊक आहे का तुम्हाला? त्यामुळे पोटात बिघडलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. धाकट्या भावाला ताप भरला की तो उगाच चिडचिड करतो ना, तसंच असतं हे.

डॉक्टरांचा नाका

आता पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. लबाडी!

या दौडीत ठरावीक अंतरावर डॉक्टरांचे नाके असतात. तिथे प्रत्येक घोडा तपासतात. स्टेथोस्कोप लावून नाडी मोजतात. आरामात असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला ३०-४० च्या आसपास असते, पळताना ती कितीतरी वाढते. नाक्यावर ठरलेल्या वेळात ती खाली यावी लागते. बहुतेक ठिकाणी हा आकडा ६० ते ६४ च्या दरम्यान ठरवलेला असतो. मग कातडीची चिमूट काढून बघतात. ती पटकन सपाट झाली नाही, तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरडीवर बोट दाबून रंग किती लवकर परत येतो ते बघतात. पोटात गुडगुड आवाज येतोय ना, ते ऐकतात. आपल्याकडे पोट गुडगुडलं की आपण लाजतो, घोड्याच्या डॉक्टरांना मात्र तो आवाज ऐकून आनंद होतो! शेवटी घोड्याला दुडक्या चालीनं पुढे नेऊन परत आणायला सांगतात. पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना घोड्याचं डोकं वर झटकतं. तिथेच चोरी पकडली जाते.

इथला एक नियम फार हुशारीनं केलेला आहे. प्रत्येक नाक्यावर सक्तीची विश्रांती असते. पण त्या विश्रांतीचं घड्याळ तुम्ही पोचलात तेव्हा सुरू होत नाही. घोड्याची नाडी ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरली, की मग सुरू होतं! म्हणजे तुम्ही भरधाव पळवत आलात, तर घोड्याचं काळीज धडधडत राहणार आणि तुमची मिनिटं वाया जाणार. म्हणून शहाणा स्वार शेवटचा अर्धा-एक किलोमीटर खाली उतरतो आणि घोड्याबरोबर चालत येतो. घोड्याचं भलं करणाऱ्याचाच फायदा होतो. आहे की नाही कमाल?

जो घोडा डॉक्टरांना अंगाला हातच लावू देत नाही, त्याचं काय? ज्याची तपासणीच होऊ शकत नाही, त्याला पास कसं करणार? म्हणून घोड्याला शांत उभं राहायला शिकवणं हासुद्धा सरावाचाच भाग आहे.

नाडी, लंगडणं, पाणी, यांत कुठेही बिघाड दिसला की डॉक्टर 'थांबा' म्हणतात. तिथे रडारड चालत नाही, ओळख चालत नाही. तुम्ही १५० किलोमीटर आलेले असा, शेवटचे दहाच उरलेले असोत, थांबायचं म्हणजे थांबायचं. शेवटची रेषा ओलांडली तरी पुन्हा तपासणी असते. 'हा घोडा अजून पुढे जाऊ शकेल इतका ठीक आहे का?' याचं उत्तर 'हो' आलं, तरच दौड पूर्ण धरतात.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चाबूक आणि टाचेचे काटे दोन्हींवर बंदी आहे. शेजारून गाडी पळवत, आरडाओरडा करत घोड्याला पुढे हाकणं, हेही नियमाबाहेर. दुखणं लपवण्यासाठी औषध टोचणं, हा तर फार मोठा गुन्हा. घोड्याला दुखलं तर तो थांबेल. त्याचं दुखणंच बंद केलं, तर तो मोडक्या पायावर पळत राहील.

तुम्ही असता तर?

आता खरी परीक्षा. समजा, तुम्ही १४ वर्षांचे आहात आणि अमेरिकेतल्या अशा एका दौडीत उतरला आहात. तिथल्या त्या संघटनेचा नियम असा, की १६ वर्षांखालच्या मुलांनी शिरस्त्राण घालायलाच हवं, आणि सहसा पूर्ण वाट त्यांच्या सोबत एक मोठं माणूस घोड्यावर हवं. तुमच्याबरोबर समजा तुमचे काका आहेत. चाळीस किलोमीटर झालेत. झाडीत एका वळणावर तुम्हाला दिसतं, की एक अनोळखी स्वार दमलेल्या घोड्याला फांदीनं मारतोय. घोड्याचं डोकं खाली गेलंय. पुढच्याच वळणावर डॉक्टरांचा नाका आहे. काय कराल?

बरेच जण म्हणतील, 'आपल्याला काय करायचंय? ते मोठे आहेत.' काही म्हणतील, 'जाऊन त्याच्या हातातली फांदी हिसकावून घेऊ!' दोन्ही उत्तरं चुकीची. वाटेवर भांडण झालं तर घोडे बिथरतात आणि आणखी एखादा अपघात होतो. गप्प बसलात, तर त्या घोड्याच्या बाजूनं कुणीच उरत नाही.

बरोबर वाट अशी आहे. आधी आपण सुरक्षित अंतर ठेवायचं. काय बघितलं, कुठे आणि किती वाजता, हे लक्षात ठेवायचं. घोड्याचा रंग, स्वाराच्या अंगावरचा क्रमांक बघून ठेवायचा. सोबतच्या मोठ्या माणसाला सांगायचं आणि दोघांनी मिळून नाक्यावरच्या डॉक्टरांना किंवा दौडीच्या व्यवस्थापकांना गाठायचं. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगायचं. 'तो माणूस दुष्ट आहे' असं म्हणायचं नाही, 'त्यानं फांदीनं मारलं, मी बघितलं' एवढंच म्हणायचं. पुढचं काम त्यांचं. ते त्या घोड्याची जास्त बारकाईनं तपासणी करू शकतात, स्वाराला बाद करू शकतात. आणि लेखी तक्रार आली, तर संघटनेची समिती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते.

'पण ही तर चुगली झाली!' वर्गात असं म्हणतात ना? चुगली आणि तक्रार यांत फरक आहे, दोस्तांनो. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून जी करतात ती चुगली. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं थांबावं म्हणून जी करतात, ती तक्रार.

आता त्याच प्रश्नाची दुसरी, जास्त अवघड बाजू. नाक्यावर काकांचा घोडा लंगडताना दिसला आणि डॉक्टरांनी त्याला थांबवलं. तुमचा घोडा ठणठणीत आहे! पण सोबत मोठं माणूस नसेल तर नियमानं तुम्हाला पुढे जाता येत नाही. दुसरं कुणी तुम्हाला बरोबर घ्यायला तयार झालं तर ठीक, नाहीतर दौड तिथेच संपली. महिनोन्महिने केलेला सराव फुकट! तेव्हा मनात येतंच, 'काकांनी जरा नीट चालवून दाखवला असता तर? डॉक्टरांनी डोळेझाक केली असती तर?' फांदीनं मारणारा स्वार दोन मिनिटांपूर्वी तुम्हाला वाईट वाटत होता. त्याच्याही मनात असंच काहीतरी आलं असेल. नियम दुसऱ्यानं पाळावा असं वाटणं सोपं असतं. तो आपल्याला आडवा येतो, तेव्हा खरी कसोटी लागते.

मोठी माणसंही चुकतात

हे फक्त मुलांनाच शिकायचंय, असं समजू नका. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानं संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केलं. घोड्यांची हेळसांड आणि नियम न पाळणं, ही कारणं होती. एवढा श्रीमंत देश, एवढे उत्तम घोडे, पण नियम तो नियम! पुढे सुधारणा करण्याचं लेखी कबूल केल्यावर जुलै २०१५ मध्ये ते निलंबन उठलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत ट्रायन इथे जागतिक स्पर्धा होती. तिथे चूक झाली ती संयोजकांचीच. सकाळी सुरुवातीला काही स्वारांना चुकीच्या वाटेनं पाठवलं गेलं. म्हणून दौड थांबवून पुन्हा सुरू केली आणि १६० ऐवजी १२० किलोमीटरची केली. त्या दिवशी उकाडा आणि दमटपणा भयंकर होता. शेवटी घोड्यांसाठी धोका वाढला म्हणून दौडच रद्द केली. कुणालाच पदक मिळालं नाही. स्वार संतापले, काही रडले. पण त्या दिवशी पन्नासहून जास्त घोड्यांवर उपचार करावे लागले होते आणि त्यातला एक पुढे दगावला. आता तुम्हीच सांगा, थांबवायला नको होतं का? मला तर वाटतं, आणखी आधी थांबवायला हवं होतं.

पण थांबणं म्हणजे सगळं संपणं नव्हे. १९७३ साली गॉर्डी एन्सली नावाच्या एका तरुणाचा घोडा टेव्हिस दौडीत लंगडा झाला आणि त्याला वाटेतच थांबावं लागलं. दुसऱ्या वर्षी, १९७४ मध्ये, तो पुन्हा आला, पण घोड्याशिवाय! घोड्यांच्या त्याच वाटेनं तो स्वतःच्या पायांनी धावला आणि २३ तास ४२ मिनिटांत १६० किलोमीटर पार केले. त्यातूनच माणसांची शंभर मैलांची दौड सुरू झाली. ती आजही दरवर्षी होते आणि जगभरचे धावपटू तिथे येतात.

आपल्या देशातलंही एक नाव सांगतो. केरळची निदा अंजुम. २०२३ साली फ्रान्समध्ये तरुण स्वारांची जागतिक स्पर्धा झाली. तिथे १२० किलोमीटरची दौड पूर्ण करणारी ती पहिली भारतीय ठरली. तिची घोडीही प्रत्येक नाक्यावर तपासली गेली, तेव्हाच ते घडलं.

तर माझ्या पत्रलेखक दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? घोडा बिथरला तर आधी 'का?' विचारायचं, मग काय करायचं ते ठरवायचं. आणि नियम मोडणारा दिसला तर भांडायचंही नाही आणि गप्पही बसायचं नाही.

या सुटीत तुमच्यापैकी कुणी माथेरानला, महाबळेश्वरला किंवा चौपाटीवर घोड्यावर बसेल. तेव्हा एवढं करा. घोड्याकडे समोरून थोडं तिरकं, त्याला दिसेल असं जा. आधी हाक मारा. शेपटीमागून जाऊ नका. त्याचे कान कुठे आहेत ते बघा. पाठीवर खोगिराखाली जखम दिसली किंवा तो लंगडत असेल, तर कितीही हौस असली तरी बसू नका आणि का बसत नाही, ते घोडेवाल्यांना आदरानं सांगा. आईबाबांनो, त्या वेळी मुलाला 'चल, बस पटकन, फोटो काढायचाय' असं म्हणू नका हं!

आणि रात्री झोपण्यापूर्वी एक गंमत करा. स्वतःला विचारा, माझ्या शेपटीला कुठली लाल फीत बांधायला हवी? कुणाला लवकर राग येतो, कुणी दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खातं, कुणी हरलं की पट उधळून टाकतं. आपली फीत ओळखा आणि मला पत्रानं कळवा. माझी फीत सांगू? चारचौघांत कुणी चूक दाखवली की मी गाल फुगवून बसतो. अजूनही!

भेटू पुढच्या आठवड्यात.